ख्रिस्ती स्त्रियांची ‘साक्ष’ आणि आपली समीक्षा

दलित साहित्यावर गेली पन्नास वर्षे आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. कवितेची चर्चा झाली, कथेची झाली, आत्मकथनांवर तर प्रबंधांचे ढीग पडले. जलसे, ओव्या, लोकगीते यांचाही शोध घेतला गेला. परंतु एका प्रकाराकडे आपण ढुंकूनही पाहिले नाही. तो प्रकार म्हणजे ख्रिस्ती मंडळीत स्त्रिया उभ्या राहून देतात ती ‘साक्ष’.

ज्यांनी ती ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रविवारच्या उपासनेत किंवा कोणाच्या घरच्या प्रार्थनासभेत एखादी बाई उठते, डोक्यावर पदर घेते आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सांगते. आधी मी कशी होते, कोणते दुखणे आले, कुठे कुठे फिरले, कोणी प्रार्थना केली, कशी बरी झाले. शेवटी प्रभूचे आभार. पाच-दहा मिनिटांचा मामला असतो. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग, विशेषतः अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना या भागांतला, महार आणि मांग वस्त्यांतून आलेला आहे. म्हणजे साक्ष देणाऱ्या या बायका बहुतांशी आपल्याच आज्या, मावश्या, आत्या आहेत. तरीही त्यांचे बोलणे आपण दलित साहित्याच्या हिशेबात धरले नाही. ‘धार्मिक’ म्हणून बाजूला सारले.

बाजूला सारणाऱ्यांत मी एक आहे, म्हणून हा लेख लिहितो आहे.

माझी मोठी मावशी मलकापूर तालुक्यातल्या एका खेड्यात ख्रिस्ती घरात दिली होती. ते घर तिच्या आजेसासऱ्याच्या वेळी ख्रिस्ती झाले होते. आमचे घर १९५६ नंतर बौद्ध झाले. एकाच महारवाड्यात वाढलेल्या दोन सख्ख्या बहिणी, एकीच्या भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, दुसरीच्या भिंतीवर क्रूस. मंडळीतल्या बायकांच्या वर्गात मावशी मराठी बायबलावर अक्षरे शिकली. १९८२ साली खामगावात आम्ही चार-पाच शिक्षक एक अनियतकालिक काढत होतो. त्याचे तीनच अंक निघाले. ‘अनुभव लिहून पाठवा’ असे आम्ही आवाहन केले, तेव्हा मावशीने फुलस्केपचे नऊ कागद शाईने लिहून माझ्याकडे पाठवले.

त्यात १९६० च्या सुमाराचे तिचे दुखणे होते. तिसऱ्या बाळंतपणानंतर अंगावरून रक्त जाणे थांबेना. मलकापूरच्या जिनात ती रोजाने जात होती, ते काम सुटले. भगत झाला, अंगारे झाले. घरच्यांना चोरून शेजारणीबरोबर ती होळीच्या यात्रेत सैलानीलाही जाऊन आली. मग मंडळीतल्या बायकांनी प्रार्थना केली, पाळकांनी खटपट करून तिला मिशनच्या एका दवाखान्यात नेले, ऑपरेशन झाले आणि ती बरी झाली. हे तोंडी तिने मला, एका पुरुषाला आणि भाच्याला, कधीच सांगितले नसते. कागदावर मात्र तिने सारे लिहिले होते.

मी ते कागद परत पाठवले. सोबत चिठ्ठी जोडली : ‘यात देव आहे, समाज नाही. दुखणे आहे, त्याचे कारण नाही. विद्रोह तर कुठेच नाही.’ त्या वाक्यांचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता. मावशीने पुढे त्याविषयी अवाक्षर काढले नाही. ती गेल्यानंतर तिच्या मुलाने तिचे बायबल उघडले, त्यात ते नऊ कागद घडी करून ठेवलेले निघाले. त्याने ते मला आणून दिले. ते पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आले की माझी चिठ्ठी अर्धी बरोबर होती आणि अर्धी साफ चूक.

आधी बरोबर असलेल्या अर्ध्याविषयी.

आमच्या भागातल्या साक्षीत दुखणे आणि बरे होणे यांना एवढे महत्त्व का, याला इतिहास आहे. वऱ्हाडात, म्हणजे अकोला, खामगाव, बुलढाणा या पट्ट्यात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्रामुख्याने काम केले ते अमेरिकेतल्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ने. तिचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांना १८८१ साली प्रार्थनेने प्रकृती सुधारल्याचा अनुभव आला, असे ते सांगत. त्यांच्या शिकवणुकीत ख्रिस्ताची चार रूपे होती : तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा. ‘बरे करणारा’ हा त्या सुवार्तेचा चौथा हिस्साच होता. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ पडले. अनाथ मुलामुलींसाठी आश्रम निघाले. खामगावला मुलींचा आश्रम होता. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली जी धार्मिक जागृती झाली, तिचे पडसाद वऱ्हाडातल्या ठाण्यांपर्यंत आले. उपाशी, आजारी, पोरक्या झालेल्या मुलींना उभे राहून ‘मी’ म्हणायची सवय अशा ठिकाणी लागली. त्या ‘मी’ला जो साचा मिळाला तो बरे होण्याचा होता.

हा साचा काय करतो ते पाहिले पाहिजे. तो दुखण्याचे कारण व्यक्तीच्या आत शोधतो. मावशी लिहिते की ती सैलानीला चोरून गेली, खोटे बोलली, म्हणून देवाने तिला ताडन केले. परंतु रक्त जायला लागले ते सैलानीला जाण्याच्या आधी. बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी ती जिनात कामाला गेली, हे त्याच कागदावर तिनेच लिहिले आहे. बाराव्या दिवशी का गेली? रोज बुडाला तर घरात ज्वारी येणार नव्हती म्हणून. हे ती लिहीत नाही. कापसाच्या पट्ट्यात पैसा कोणाच्या घरी साठत होता आणि रक्त कोणाचे जात होते, हा प्रश्न साक्षीच्या साच्यात बसत नाही. साच्यात पाप बसते, मजुरी बसत नाही.

डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांच्या स्थितीविषयी जे लिखाण केले, जे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले, त्यात त्यांनी नेमके याच जागी बोट ठेवले आहे. माणसाच्या पतनाचे मूळ त्याच्या भोवतालच्या परिस्थितीत नसून त्याच्या पापात आहे असे एकदा शिकवले, की परिस्थिती बदलण्याची ऊर्मी संपते, असा त्यांचा आक्षेप आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याने सामाजिक अन्यायाविरुद्ध संघटित चळवळ का उभारली नाही, असा त्यांचा सवाल आहे. मावशीचे कागद हे या आक्षेपाचे उदाहरण म्हणून वाचता येतात.

आणि असे बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते असेही म्हणता येणार नाही. याच बुलढाण्यात १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. वडील बापूजी हरि शिंदे तिथल्या कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचाराचे. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांना झोडपले, तेव्हा ताराबाईंनी बोट उलटे फिरवले. बाईच्या पापाचे मूळ त्यांनी बाईच्या मनात शोधले नाही. शास्त्रे रचणारे कोण, पुनर्विवाहाची बंदी घालणारे कोण, फसवून नामानिराळे होणारे कोण, असे त्यांनी विचारले. ताराबाई मराठा घरातल्या, घरात पुस्तके असलेल्या, हा फरक मोठा आहे. पण कारण बाहेर शोधण्याची वाट आमच्या जिल्ह्यातल्याच एका बाईने साक्षीचा साचा इथे पोचण्याच्या आधी दाखवून ठेवली होती.

इथपर्यंत माझी चिठ्ठी बरोबर होती. आता चुकीच्या अर्ध्याकडे वळतो.

नऊ कागदांतल्या सातव्या कागदावर एक वाक्य आहे. ऑपरेशनच्या आधीच्या रात्रीविषयी मावशी लिहिते : ‘सिस्टरने मला हात लावून आंघोळ घातली, माझे रक्ताचे लुगडे तिने हाताने धुतले, मग तेच हात धुऊन माझ्याजवळ बसून तिने डबा खाल्ला.’ त्यापुढे ती लिहिते की त्याच वेळी तिला वाटले, आपण बरे झालो. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होते.

१९८२ साली हे वाक्य मी वाचले होते. मिशनऱ्यांच्या दयाळूपणाचे कौतुक, असे समजून मी पुढे गेलो. आज मला त्यात जे दिसते ते असे. तीस वर्षांच्या त्या बाईला महारवाड्याबाहेरच्या कोणी त्याआधी कधी हात लावला नव्हता. गावच्या दुकानदाराने पुडी वरून टाकली, विहिरीवर पाणी वरून ओतले. त्यात बाईचे रक्त जात असले की घरातही ती बाजूला. म्हणजे दुहेरी अस्पृश्य. अशा बाईला कोणी हात लावते, तिचे रक्त धुते आणि तिच्याजवळ बसून जेवते. जात हा शब्द नऊ कागदांत एकदाही नाही. पण सातव्या कागदावरचे ते वाक्य जातीविषयीच आहे. मी ‘शोषण’, ‘विषमता’, ‘विद्रोह’ हे शब्द शोधत होतो. तिने ‘हात’ लिहिला होता, आणि मला तो वाचता आला नाही.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही, आपल्या समीक्षेचा आहे. आपण नकार आणि विद्रोह ही दलित साहित्याची ओळख ठरवली. ती ठरवणे आवश्यक होते. परंतु ती ओळख आपण हळूहळू प्रवेशपत्रिकेसारखी वापरू लागलो. ज्या बाईने तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना म्हणून स्पर्श सांगितला, तिला आपण दारातून परत पाठवले.

याच जागेवरून मराठीतली दोन गाजलेली ख्रिस्ती लेखने पाहिली तर ती निराळी दिसू लागतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. आमच्या महाविद्यालयांत ती विनोदासाठी आणि साध्या भाषेसाठी शिकवली जाते. तिच्या आरंभीचे लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे आठवा. आजोबांना १८५७ नंतर फाशी झाली आणि वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले. मीठसुद्धा धुऊन घ्यायचे अशी त्याची मजल गेली. वाचक हसतात. पण ते वर्णन एका दुखण्याचे आहे. विटाळाचे भय वेड होऊन एका घराला कसे खाते ते लक्ष्मीबाईंनी सांगितले आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांत त्या नवऱ्याजवळ राहूनही आपला विटाळ सांभाळत होत्या. जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या, हे त्यांना उमगले तेव्हा त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. हेही बरे होणेच आहे. मावशी बरी झाली ती कोणी हात लावला म्हणून. लक्ष्मीबाई बऱ्या झाल्या त्या हात लावू शकल्या म्हणून. अस्पृश्यतेचे दुखणे दोन्ही बाजूंना असते. मात्र एका बाजूला त्याने रक्त जाते आणि दुसऱ्या बाजूला मीठ धुतले जाते, हा फरक समीक्षकाने विसरू नये.

रमाबाईंची इंग्रजीत लिहिलेली साक्ष १९०७ साली प्रसिद्ध झाली. तिला साक्षीचा साचा ठाऊक आहे, पण ती त्यात मावत नाही. आई, वडील आणि बहीण दुष्काळात कसे गेले ते त्या सांगतात. धर्मशास्त्रे एकमेकांशी कितीही भांडोत, स्त्रिया आणि शूद्र यांना हीन लेखण्यात त्यांचे एकमत आहे, हे संस्कृत जाणणाऱ्या रमाबाई स्वतः वाचून सांगतात. इंग्लंडमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या, आणि आपल्या शास्त्रांनी अशा स्त्रीला काय शिक्षा सांगितली आहे ते त्यांना आठवले. इथेही स्पर्शच आहे. आणखी एक प्रामाणिकपणा त्यात आहे. १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावर आपल्याला धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटला तो काही वर्षांनी, असे त्या म्हणतात. म्हणजे धर्मांतर आणि बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे त्यांनी स्वच्छ सांगितले. १८८९ चे शारदा सदन वरच्या जातींच्या विधवांसाठी निघाले होते. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावला सर्व जातींच्या मुली आल्या. रमाबाईंच्या साक्षीत देव आहे आणि समाजही आहे. याचा अर्थ, साक्ष देताना समाज गाळलाच पाहिजे असा नियम नाही. तो नंतर, आणि दुबळ्या बायकांच्या बाबतीत, पडला.

आपल्या बाजूच्या लेखनाकडेही तितक्याच कठोरपणे पाहू. आपल्या आत्मकथनांनाही साचा आहेच. भूक, विहीर, शाळेतला कोपरा, बाबासाहेबांचे नाव, जागृती. पुरुषांच्या आत्मकथनांत आई राबताना दिसते, तिचे दुखणे क्वचित दिसते. १९८६ साली बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आले तेव्हा महारवाड्यातली बाळंतीण पहिल्यांदा इतकी उघडी दिसली. पोटात अन्न नाही, पोटाला फडके आवळलेले, सुईणींचे अस्वच्छ हात, कोवळ्या पोरींचे मरण आणि आषाढात अंगात येणारी देवी. हे सारे त्यांनी दुखणे म्हणून मांडले, आणि त्यावरचा उपाय म्हणून बाबासाहेबांची हाक सांगितली. मी मावशीचे कागद परत पाठवले त्यानंतर चार वर्षांनी हे पुस्तक आले. बाळंतपणातले रक्त हा दलित साहित्याचा विषय आहे हे मला त्या पुस्तकाने शिकवले. माझ्या घरी चालून आलेल्या कागदांवरून मी ते शिकू शकलो असतो.

आता साक्ष देणाऱ्या मंडळींना मला काही विचारायचे आहे, आणि ते त्यांच्याच ग्रंथाच्या आधारे. मार्काच्या सुवार्तेत बारा वर्षे रक्तस्राव होणाऱ्या एका बाईची गोष्ट आहे. मावशीची ती आवडती गोष्ट, हे सांगायला नको. यहुदी नियमाप्रमाणे ती बाई अशुद्ध. तिने ज्याला हात लावावा तोही विटाळलेला. ती गर्दीतून मागून येते आणि येशूच्या वस्त्राला हात लावते. मार्क आणखी एक गोष्ट नोंदवतो. पुष्कळ वैद्यांच्या हाती तिचे हाल झाले होते, जवळचे सर्व खर्चून तिला गुण आला नव्हता. ही वैद्यांविरुद्धची तक्रार सुवार्तेच्या पानावर आहे. आणि येशूने विचारल्यावर ती भीत भीत पुढे येऊन जे घडले ते सगळे खरे सांगते, सर्व गर्दीसमोर. तो तिला ‘मुली’ म्हणतो. म्हणजे तिथे बरे होणे आणि सारे खरे बोलणे एकत्र आहे. मग आमच्या बायकांच्या साक्षीत निम्मेच खरे का असावे?

मी मावशीला एकदा विचारले होते. गावच्या विहिरीवर तिच्या आईचे मडके फोडले होते, ती हकीकत माझी माय नेहमी सांगे. मावशीच्या साक्षीत ती कधी आली नाही. मी म्हणालो, ‘मावशी, तुम्ही हे मंडळीत का नाही सांगत?’ ती म्हणाली, ‘ते काय साक्षीत सांगाचं असते, बाबू? साक्ष देवाची असते, गावाची नाही.’

तिने नियम अचूक सांगितला. पण साक्ष हा शब्द कचेरीतलाही आहे. तिथे साक्षीदार कोणी काय केले ते सांगतो, नाव घेऊन सांगतो. मंडळीने या शब्दाची आभाराची बाजू ठेवली आणि आरोपाची बाजू सोडली. मराठीत असे नेहमीच नव्हते. १८५५ साली, नगरच्या मिशनऱ्यांनी १८४२ पासून चालवलेल्या ‘ज्ञानोदया’त, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापला गेला. त्याचे नावच ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ असे आहे. त्या दुःखात तिने दुखणेही धरले. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसते, आजार जडला तर औषधाला पैसा कुठून आणायचा, असे ती विचारते. वेद आम्हांला बंद, तर आमचा धर्म कोणता, असे ती थेट देवाला विचारते. ख्रिस्ती नियतकालिकात, देवाला उद्देशून, एका अस्पृश्य मुलीने बाळंतिणीच्या दुखण्याचा जाब मागितला. माझ्या मते मराठीतली पहिली दलित स्त्रीची साक्ष ती आहे. मावशीची साक्ष तिची दूरची नात आहे. फक्त मधल्या पिढ्यांत जाब गळून गेला.

तो गळण्याचे आणखी एक कारण आपल्या राज्यव्यवस्थेत आहे आणि ते न सांगता मंडळींना दोष देणे अप्रामाणिक होईल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना घेतले नाही. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ साली न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक आयोग नेमला गेला. ख्रिस्ती झाला म्हणजे जातीचे दुखणे बरे झाले, असा दाखला या आदेशाने देऊन टाकला. महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना सवलती बऱ्याच आधी लागू केल्या होत्या, त्यामुळे मला शिष्यवृत्ती मिळाली. माझ्याएवढाच हुशार माझा मावसभाऊ मॅट्रिकनंतर जिनात गेला. दोघा बहिणींनी यावर कधी भांडण केले नाही. पण माझ्या पदवीचे पेढे मावशीच्या घरी न्यायला माय कचरली होती, हे मला आठवते. ज्यांनी कागदावर ‘हिंदू महार’ ठेवून मुले शिकवली, त्यांनाही किंमत मोजावी लागली. मंडळीत जात सांगायची नाही आणि कचेरीत ख्रिस्त सांगायचा नाही. अशा माणसांची साक्ष पुरी कशी होणार?

चळवळीतले वाचक विचारतील, की मग प्रार्थनेने रोग बरे होतात असे तुम्ही म्हणता काय? नाही. मावशीला जीवदान मिळाले ते ऑपरेशनने. प्रार्थनेच्या नावाने रोग्याला दवाखान्यापासून दूर ठेवणारा कोणीही असो, भगत असो, बाबा असो की पाळक, त्याला विरोध केला पाहिजे, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठी हाताशी आहे. सैलानीच्या यात्रेत मनोरुग्णांना घेऊन येणारी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना दवाखाना दूर असणे म्हणजे काय ते कळते. पण ती घरे अडाणी म्हणून तिथे येतात, एवढे म्हणून आपले काम संपत नाही. तिथे त्यांना कोणी हाकलत नाही, जात विचारत नाही, हेही एक कारण आहे. बाईला दुखण्यात माणसाचा स्पर्श हवा असतो. तो चळवळीने दिला नाही, तर ती जिथे मिळेल तिथे जाईल, आणि जिथे मिळाला त्याचे नाव घेईल. यात दोष तिचा कमी आणि आपला अधिक.

बुलढाणा जिल्ह्यात शंभरांतले साधारण चौदा लोक बौद्ध आहेत. ख्रिस्ती शंभरांत एकही भरणार नाहीत. थोड्या लोकांचे बोलणे लवकर विरते. खामगाव, मलकापूर, बुलढाणा येथल्या मंडळ्यांतल्या ज्या म्हाताऱ्या आज साक्ष देतात, त्यांच्यामागून ती पद्धत तशीच राहील असे समजू नये. आपल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी त्यांच्याकडे जावे. त्या सांगतील तसे उतरून घ्यावे. ‘प्रभूची स्तुती असो’ हे शब्द अंधश्रद्धा म्हणून गाळू नयेत. ते तिचे शब्द आहेत. ऐकून झाल्यावर मग तो एक प्रश्न विचारावा, जो मंडळीने तिला विचारला नाही आणि मीही नीट विचारला नाही : बाई, ज्यांनी हात लावला त्यांचे तुम्ही सांगितले. ज्यांनी लावला नाही, ते कोण होते?

मावशीचे नऊ कागद मी आता टंकलिखित करून घेतले आहेत. एकही ओळ काढलेली नाही. तिच्या मुलाची परवानगी मिळाली आहे. माझी १९८२ ची चिठ्ठीही त्यांच्याच घडीत तिने जपून ठेवली होती. मावसभाऊ म्हणाला, तीही सोबत छापा. छापणार आहे.